ओंकारेश्वरहून समुद्रापर्यंत, दोघांच्या दोन चालींनी

पत्र

मी 56 वर्षांची, ठाण्यात राहते. गेल्या वर्षी नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. यजमान 61 वर्षांचे, तेही निवृत्त. या चैत्रात ते मित्रांबरोबर एका दिवसाची उत्तरवाहिनी नर्मदा परिक्रमा करून आले आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. आता दिवाळीनंतर ओंकारेश्वरहून निघून दक्षिण तटाने समुद्रापर्यंत पायी जायचं आणि उरलेली परिक्रमा पुढे दोन-तीन वर्षांत तुकड्यांनी करायची, असं त्यांनी ठरवलंय. पंचवीस दिवस पुरतील म्हणतात. समुद्रात नावेने पलीकडे जाऊन भरूचहून गाडीने परत यायचं, वाटेत गरुडेश्वरला टेंबेस्वामींच्या समाधीचं दर्शन घ्यायचं, असा बेत आहे. मी बरोबर यावं अशी त्यांची फार इच्छा आहे.

माझ्या डाव्या गुडघ्याची झीज सुरू झालीय. डॉक्टर म्हणतात चाला, पण जपून. मी फारशी देवभोळी नाही. वारीत एकदा आळंदी ते पुणे चालले, तेवढंच. माझी नणंद म्हणते, परिक्रमा अर्धी सोडली तर पाप लागतं, त्यापेक्षा उचलूच नका. मुलगा म्हणतो, बसने करा. आणि खरं सांगायचं तर हे कायम माझ्या दोनशे पावलं पुढे चालतात, बाजारात जाताना सुद्धा. नाही म्हटलं तर हे एकटे जातील आणि माझा जीव टांगणीला लागेल. हो म्हटलं तर महिनाभर यांची पाठ बघत चालायचं. काय करू?

– एक वाचक, ठाणे

उत्तर

ताई,

आधी नणंदबाईंचं बोलू, कारण ते लवकर संपेल. शास्त्रातली परिक्रमा तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची. चातुर्मासात चार महिने एका जागी थांबायचं आणि मग पुढे निघायचं. म्हणजे थांबणं हे मुळातच या वाटेत धरलेलं आहे. नोकरदार, संसारी माणसं आज तिचे तुकडे करतात. त्याला खंड परिक्रमा म्हणतात आणि तटावरच्या आश्रमांत त्याचं कुणाला नवल वाटत नाही. जिथे सोडली तिथूनच पुन्हा उचलायची, एवढं पाळलं जातं. पापाचा हिशेब नणंदबाईंकडे कसा आला ते त्यांना विचारा. मला तटावर असा हिशेब मांडणारं कुणी भेटलं नाही, उलट ‘जितकी मैय्या करून घेईल तितकी’ असंच ऐकू आलं.

पण यजमानांच्या बेतात दोन गाठी आहेत आणि त्या आत्ताच सोडवलेल्या बऱ्या.

पायी परिक्रमेचा गाभा हा की नर्मदा सतत उजव्या हाताला आणि ती ओलांडायची नाही. उपनद्या ओलांडता येतात, तिला नाही. गरुडेश्वर उत्तर तटावर आहे. तुम्ही दक्षिण तटाने गोरा या गावापर्यंत पोहोचाल तेव्हा ते नदीच्या पलीकडे असेल. पूल आहे, गाड्या आहेत, अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे, आणि तेच करायचं नाही. टेंबेस्वामींनी 1914 साली जिथे देह ठेवला ती जागा तुमच्या यजमानांना बघायचीच असेल तर ती पुढच्या खेपेला, उत्तर तटाने वर येताना, आपोआप वाटेत येईल. नाहीतर परिक्रमा बाजूला ठेवून एरवी कधीही जाऊन यावं. पण याच फेरीत ‘वाटेत’ म्हणून नाही.

दुसरी गाठ नावेची. दक्षिण तटावरच्या शेवटच्या विमलेश्वर गावाहून नाव समुद्राच्या मुखातून पलीकडे मिठी तलाईला लावते आणि तुम्ही उत्तर तटावर येता. तिथून भरूच, आणि भरूचहून मुंबईची गाडी पकडली की ती लगेच नर्मदेवरच्या पुलावरून अंकलेश्वरला येते. ज्या नदीला एवढा वळसा घालून आलात ती डब्यात बसून पाच मिनिटांत ओलांडायची! खंड परिक्रमेत लोक हे करतात. पण मला विचाराल तर विमलेश्वरलाच थांबा. समुद्र तिथेही आहे. तिथून हांसोट, अंकलेश्वर, आणि अंकलेश्वरहून गाडीने घरी. अंकलेश्वर नर्मदेच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे येताना ती ओलांडावी लागत नाही. जाताना सुद्धा कल्याणहून भुसावळमार्गे खंडव्याला उतरलात आणि तिथून बसने ओंकारेश्वरला गेलात तर नर्मदा लागते ती थेट ओंकारेश्वरलाच. इंदूरमार्गे गेलात की नर्मदेवरचा मोरटक्क्याचा पूल मध्ये येतो. म्हणजे ओंकारेश्वरच्या बेटावरचं दर्शन वगळता घरातून निघून घरी परत येईपर्यंत तुम्ही पूर्णवेळ दक्षिण तटावर राहू शकता. नियम पाळणाऱ्या माणसाला हा बेत आवडेल. यजमानांना हा मुद्दा तुम्ही सांगा, मी सांगितला म्हणून नको. बेतात तुमचंही काहीतरी असायला हवं.

ओंकारेश्वराचं मंदिर मांधाता बेटावर आहे, ममलेश्वर अलीकडे दक्षिण काठावर. संकल्प सोडला की बेटावर जाता येत नाही, कारण मध्ये नर्मदेची धार आहे. तेव्हा ओंकारेश्वराचं दर्शन आधी, मग संकल्प, कढई म्हणजे शिऱ्याचा नैवेद्य, कन्यापूजन वगैरे. तिथेच परिक्रमावासी म्हणून कागद मिळतो तो घ्या. पुढे आश्रमात वहीवर शिक्के मिळतात, तो आनंद यजमानांचा.

आता गुडघा.

डॉक्टरांनी ‘चाला’ म्हटलंय ते सपाट रस्त्यावर, बूट घालून, पाठीवर ओझं नसताना. या वाटेवर गुडघ्याला त्रास देणारी गोष्ट चालणं नाही, बसणं आहे. महिनाभर तुम्ही जमिनीवर झोपणार, जमिनीवर जेवणार, आणि सकाळी उकिडवं बसावं लागणार, कधी शौचालयात, कधी शेतात. दिवसातून पंधरा-वीस वेळा जमिनीवरून उठायचं. वीस किलोमीटर सहज चालणाऱ्या बायका चौथ्या दिवशी पंगतीतून उठताना भिंत शोधतात. तेव्हा सराव याचा करा. आजपासून जेवण खाली बसून. गुडघा वाकतच नसेल तर घडीचं हलकं स्टूल पाठपिशवीला बांधा आणि पंगतीत बिनधास्त त्यावर बसा. कुणी काही म्हणत नाही. ‘माताजी, आराम से बैठिये’ एवढंच म्हणतील.

दोन काठ्या घ्या. परिक्रमावासी एक दंड घेऊन चालतात, तो दिसतो छान. पण उतारावर गुडघ्याचा भार वाटून घ्यायला दोन्ही हातांत काठी हवी, खाली रबर लावलेली. पाठीवर सहा किलोच्या वर नको, पाण्यासकट. बूट नेहमीपेक्षा अर्धा क्रमांक मोठे, कारण दुपारपर्यंत पाय सुजतात. निघायच्या महिनाभर आधी ते वापरायला लागा. आणि वेदनाशामक गोळ्या रोज सकाळी गिळून चालू नका. कमी पाणी पिऊन उन्हात चालताना त्या मूत्रपिंडांवर येतात, आणि यजमानांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. हे तुमच्या डॉक्टरांशी दोघांनी मिळून बोलायचं.

आणि एक चाचणी. तुमच्या ठाण्यातल्या येऊरच्या चढावर, पाठीवर तेच सहा किलो घेऊन, लागोपाठ तीन दिवस रोज बारा किलोमीटर. एका दिवसाने काही कळत नाही. उत्तरवाहिनी करून आलेल्या तुमच्या यजमानांनाही अजून काही कळलेलं नाही. रामपुरा ते तिलकवाडा हा नदी उत्तरेला वाहते तो छोटा पट्टा, एका दिवसात आटोपणारा. तिथली गर्दी, उत्साह, संध्याकाळी परतीची गाडी, सगळं अंगात बळ भरतं. दुसऱ्या सकाळी पुन्हा पिशवी उचलायची नसते. तिसऱ्या दिवशी सकाळी तुमचा गुडघा सुजलेला असेल, किंवा मध्येच अडकत असेल, तर ओंकारेश्वरला जाऊ नका. नुसता दुखत असेल आणि अर्ध्या तासात मोकळा होत असेल तर दुखत दुखत जाता येतं.

पंचवीस दिवसांचा हिशेब विसरा. ते रोज वीस किलोमीटर चालणाऱ्याचं गणित आहे, सुट्टी न घेता. तुम्ही बारा ते पंधरा धरा, आठवड्यात एक दिवस पूर्ण थांबा. सव्वा ते दीड महिना लागेल. दिवाळी आणि देवउठनी एकादशीच्या आसपास शेकडो लोक एकदम सुटतात, त्यात मराठी माणसं इतकी की ओंकारेश्वरात हिंदीचा सराव राहात नाही. छोट्या आश्रमांत मग आसन लावायला जागा मिळत नाही. आठ-दहा दिवस उशिरा निघा. थंडी जास्त लागेल, निमाडात, म्हणजे ओंकारेश्वर ते बडवानीच्या पट्ट्यात, डिसेंबरच्या रात्री चांगल्याच गार असतात. पण एखादं जाड पांघरूण गर्दीपेक्षा परवडतं.

वारीशी तुलना मनात असेल तर ती काढून टाका. वारीत दिंडी असते, सामानाचा ट्रक असतो, तंबू असतो, विणेकरी पुढे असतो आणि आषाढीची तारीख ठरलेली असते. इथे यातलं काहीही नाही. कुठे थांबायचं ते तुमचं तुम्ही ठरवता. संध्याकाळी एखाद्या आश्रमाच्या दारात ‘नर्मदे हर’ म्हणता, आतून ‘कितनी मूर्ती?’ असा प्रश्न येतो, आणि ‘दो मूर्ती’ म्हटलं की तुमची सोय होते. कुठे तयार जेवण, कुठे सदावर्त, म्हणजे पीठ, डाळ, मीठ-मिरची हातात, आपलं आपण शिजवा. यजमानांना टिक्कड, म्हणजे जाड रोट्या, भाजता येतात का? नसतील तर दिवाळीच्या आत शिका म्हणावं. तटावर स्वयंपाक बाईनेच करायचा असा नियम नाही, आणि दीड महिना तो तुमच्या गळ्यात पडू नये.

वाट मात्र पहिले पंधरा दिवस सोपी आणि फार देखणी आहे, आणि देव न मानणाऱ्या मराठी माणसालाही तिथे पुष्कळ आहे. ओंकारेश्वर सोडल्यावर बकावाँ लागतं, नर्मदेतल्या दगडांची शिवलिंगं घडवणाऱ्यांचं गाव. मग रावेरखेडी. पहिला बाजीराव 28 एप्रिल 1740 रोजी इथे, नर्मदेच्या या काठावर गेला. समाधीपाशी बसावं, घाई करू नये. पुढे नावडातोडी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी पन्नासच्या दशकात जिथे उत्खनन करून ताम्रपाषाणयुगातली वस्ती उजेडात आणली ते हे गाव, आणि बरोबर समोर, पाण्यापलीकडे, महेश्वरचे घाट आणि अहिल्याबाईंचा वाडा. जायचं नाही. फक्त बघायचं. परिक्रमेतला नदी न ओलांडण्याचा नियम म्हणजे काय हे मला कुठल्या कीर्तनापेक्षा त्या काठावर जास्त कळलं. उत्तर तटाने परत याल तेव्हा त्याच घाटावर बसून तुम्ही नावडातोडीकडे बघाल.

बडवानीला पोहोचलात की खरा प्रश्न समोर येतो. शूलपाणीची झाडी.

पूर्वी या जंगलात भिल्ल परिक्रमावासींना लुटत. अंगावरच्या वस्त्रापर्यंत सगळं घेत आणि लोक त्याला मैय्याची परीक्षा मानत. ती लूट आता थांबली आहे. ज्यांना ‘मामा’ म्हणतात त्याच लोकांच्या अंगणात आज तुम्ही झोपता आणि त्यांच्या घरची मक्याची भाकरी खाता. पण तुम्ही जी झाडी ऐकून आहात ती आता तिथे नाही, हेही लक्षात असू द्या. बडवानीचा राजघाट, जिथे गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या अस्थींचं स्मारक होतं, तो सरदार सरोवराच्या बुडितात गेला. 2017 साली धरणाचे दरवाजे बंद झाले, पाणी 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरता येऊ लागलं, आणि नदीकाठची जुनी वाट पाण्याखाली जाऊन परिक्रमेची वाट वर डोंगरात सरकली. शूलपाणेश्वराचं जुनं मंदिरही पाण्यात आहे, नवं गोऱ्याला बांधलंय. नर्मदा महाराष्ट्राला स्पर्श करते ती इथेच, नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, 54 किलोमीटर. अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली इथलं. बुडितात आधी गेलेल्या गावांपैकी एक. धडगावच्या बाजाराच्या दिवशी तुम्ही महाराष्ट्रात असाल आणि आजूबाजूची भाषा तुम्हाला कळणार नाही.

हे मी एवढ्यासाठी सांगतोय की तिथे जे तुम्हाला जेवू घालतात त्यांच्यातल्या पुष्कळांची जमीन याच नदीच्या पाण्याखाली आहे. त्यांच्या घरी ‘अजून थोडी भाजी मिळेल का’ म्हणू नये. तांदूळ-डाळ जवळ असेल ती द्यावी. मुलांना चॉकलेटं वाटण्याची टूम निघालीय ती करू नये, पोरं मग रस्त्यावर धावत हात पसरतात. वह्या-पेन्सिली द्यायच्या असतील तर शाळेत गुरुजींच्या हातात द्या.

तुमच्या गुडघ्याच्या दृष्टीने झाडी म्हणजे आठ-दहा दिवस चढ-उतार, सुट्या दगडांचे. उतार जास्त वाईट. कित्येक ठिकाणी मोबाईलला रेंज नाही, वाहन नाही, आणि मध्येच पाय गेला तर परत फिरायलाही तितकंच चालावं लागतं. वयस्कर मंडळी म्हणून दुसरी वाट धरतात: बडवानीहून पानसेमल, खेतिया, शहादा, तापीकाठचं प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा, मग सागबारा, डेडियापाडा आणि राजपिपला. लांबची, डांबरी, नर्मदेपासून दूर. पण गावं मोठी, दवाखाने आहेत, एसटी आहे. प्रकाशाला दक्षिण काशी म्हणतात, आणि खानदेशी पाहुणचाराबद्दल मी काय सांगू? शेव भाजी तिखट असते एवढंच.

यातली कुठली वाट, हे ठाण्यात बसून ठरवू नका. बडवानीला ठरवा. तोवर पंधरा-वीस दिवस झालेले असतील आणि गुडघ्याने स्वतःच काय ते सांगितलेलं असेल. आणि आता मी जे सुचवणार आहे ते तुमच्या यजमानांना आवडणार नाही: तिथे दोघांनी दोन वाटा धरल्या तरी चालतं. झाडीत कुणी एकटं जात नाही, बडवानीला घोळके आपोआप जमतात, त्यांनी त्यात जावं. तुम्ही रस्त्याने जाणाऱ्या माताजींबरोबर जा, त्याही असतात. नाहीतर सरळ बसने राजपिपल्याला या आणि दोन दिवस पाय पसरून झोपा. गोऱ्याला भेटायचं. गोऱ्याजवळच केवडियाचा 182 मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा आहे, त्यामुळे भेटायची खूण चुकणार नाही.

यावरून तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळींकडे येतो. दोनशे पावलं.

पुढे चालणारी माणसं बहुतेक वेळा दुष्ट नसतात. त्यांना वाटतं, आपण पुढे जाऊन सोय बघतोय. मागच्या माणसाला मात्र दिवसभर आपण उशीर करतोय असं वाटत राहतं, आणि या वाटेवर कित्येक जोडपी पायाच्या फोडांनी नाही, यानेच मोडतात. निघण्याआधी यजमानांसमोर तीन गोष्टी ठेवा, आणि त्या कबूल नसतील तर जाऊ नका. पहिली, सकाळी तुम्ही आधी निघणार. अर्धा-पाऊण तास आधी, एकट्या. त्यांनी मागून यायचं. ते तुम्हाला गाठतील, मग थोडं बरोबर चाला, मग ते पुढे गेले तरी चालेल. पण दिवसाची सुरुवात तुमची. दुसरी, ‘पुढे भेटू’ असं म्हणायचं नाही. कुठलं गाव, त्यातलं कुठलं मंदिर, किती वाजेपर्यंत, हे ठरवूनच वेगळं व्हायचं. तिसरी, पैसे, फोन, आधारकार्ड, औषधं, पाण्याची बाटली आणि नर्मदाजलाची कुपी, सगळं दोघांचं स्वतंत्र. एकाच्या पिशवीत दोघांचं सामान असलं की दुसऱ्याला मागे धावावंच लागतं.

आणि थांबायचा अधिकार दोघांनाही. ज्या दिवशी एकजण म्हणेल ‘आज नाही’, त्या दिवशी दुसऱ्याने कारण विचारायचं नाही. महिन्याभरात हा अधिकार जास्त वेळा यजमान वापरतील असा माझा अंदाज आहे. वेगाने चालणाऱ्यांच्या पोटऱ्या आणि घोटे आधी बोलतात.

तुम्ही देवभोळ्या नाही, याबद्दल. नर्मदेला मैय्या म्हणायला जड जात असेल तर म्हणू नका, पण पांढरे कपडे घालून, संकल्प सोडून, सदावर्ताचं अन्न खाणार असाल तर त्या अन्नामागचा नियम पाळावा असं माझं मत आहे. लोक तुम्हाला तुमच्या नावासाठी जेवू घालत नाहीत. तुमच्या पायांनी त्यांच्या दारावरून परिक्रमा जातेय म्हणून घालतात. पाण्यात साबण नाही, आश्रमात पुढे-पुढे नाही, हव्या तेवढ्याच पोळ्या. एवढं जमलं की श्रद्धा किती आहे हे कुणी मोजत नाही. नियम पाळायचे नसतील तर संकल्प न सोडता नुसतं चालावं, आपल्या खर्चाने राहावं. त्यातही कमीपणा काही नाही, पण मग आश्रमात जागा आधी दुसऱ्याला.

शेवटचा टप्पा, समुद्र. इथे तुमची निराशा होऊ शकते म्हणून आधीच सांगतो. राजपिपला सोडल्यावर डोंगर संपतात, केळी आणि ऊस सुरू होतो, मग अंकलेश्वर येतं. 1960 साली इथे तेल सापडलं. रासायनिक कारखाने, टँकर, नाकाला झोंबणारा वास. रस्त्याच्या कडेने चालताना समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने चाला आणि पहाटेच्या अंधारात अंगावर चमकणारी पट्टी असू द्या. त्यापुढे हांसोट, आणि जमीन खारट होत जाते. मिठागरं दिसतात. विमलेश्वरला पोहोचल्यावर तुम्हाला अलिबाग दिसणार नाही. पुळण नाही, निळं पाणी नाही, लाट सुद्धा नाही. चिखल, खाडी आणि गढूळ पाण्याचा रुंद पसारा. खंभातच्या आखाताची भरती-ओहोटी देशात सगळ्यांत मोठ्या भरती-ओहोटींपैकी आहे. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की समुद्र कुठे गेला म्हणून शोधावा, आणि काही तासांत तोच येऊन खाडी भरून टाकतो. बरोबर याच पाण्यावर नावा चालतात. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून नाव आज दुपारी तर काही दिवसांनी मध्यरात्री सुटते. तीन-चार तासांचा प्रवास, दोन्ही टोकांना चिखल, आणि गर्दी असली की नंबर लागेपर्यंत एखाद-दोन दिवस मुक्काम.

तिथे थांबा. नावेत बसू नका. दोन भरत्या आणि दोन ओहोट्या बघा, परिक्रमावासींना नावेत चढताना बघा, कुपीतलं थोडं पाणी समुद्रात सोडा. नदी जिथे संपते तिथे परिक्रमा अर्धीही झालेली नसते, पुढे सबंध उत्तर तट आणि अमरकंटक उरतंच. यजमान हट्टाने म्हणतील, एवढं आलो तर पलीकडे जाऊन येऊ. त्यांना भरूचचा पूल आठवून द्या. आणि पुढच्या वर्षी इथूनच, नावेनेच सुरुवात करायची आहे याचीही.

राहिलं तुमचं ‘नाही म्हटलं तर’. नाही म्हणता येतं, ताई. येऊरच्या तीन दिवसांनंतर गुडघा ठीक असूनही मन होत नसेल, तर तेही सांगा, गुडघ्याचं निमित्त न करता. ते एकटे गेले तरी एकटे राहणार नाहीत. ओंकारेश्वरहून सुटणारा माणूस दुसऱ्या मुक्कामापर्यंत चार जणांत असतो. फक्त रोज संध्याकाळी, रेंज असेल तिथे, एक फोन आणि मुक्कामाचं नाव, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या. झाडीत आठ दिवस फोन येणार नाही हेही आधीच ठरवून ठेवा, म्हणजे तुमचा जीव विनाकारण टांगणीला लागणार नाही. आणि शेवटचे काही दिवस तुम्ही अंकलेश्वरला येऊन त्यांना गाठू शकता. अंकलेश्वर ते विमलेश्वर सपाट आहे, दोन-तीन दिवसांत रमतगमत होतं. मला विचाराल तर न जाण्याचा हाही एक चांगला प्रकार आहे. मुलालाही घेऊन या, बस अंकलेश्वरपर्यंत येतेच.

जायचं ठरलंच, तर तिकीट खंडव्यापर्यंतचं काढा. परतीचं आत्ता काढू नका. अंकलेश्वरहून मुंबईकडे दिवसभर गाड्या आहेत, आणि परतीची तारीख खिशात असली की वेगवान माणूस बडवानीलाच दिवस मोजायला लागतो.